भांड्यांवर गेलेले कपडे

फेब्रुवारी उजाडला की मालाड, घाटकोपर, मुलुंडच्या मॉलमधल्या काचेआडच्या पुतळ्यांच्या अंगावर फिकट, फुलाफुलांचे कपडे चढतात आणि वर ‘स्प्रिंग-समर’ अशी पाटी लागते. ज्या मुलखात हिवाळाभर लोकरीचे डगले घालावे लागतात तिथे या पाटीला अर्थ आहे. बर्फ वितळलं, डगला आत गेला, सुती कपडा बाहेर आला. मुंबईच्या उपनगरांत काय आत जातं? सांताक्रूझच्या वेधशाळेतल्या सरासऱ्या पाहिल्या तर जानेवारीतलं दुपारचं तापमान ३१ अंशांच्या आसपास आणि मे महिन्यातलं ३३-३४. दोन-तीन अंशांसाठी कोणी कपाट बदलत नाही. पहाटेचा गारवा तेवढा जातो, म्हणजे बोरिवलीसारख्या राष्ट्रीय उद्यानाला टेकलेल्या वस्तीत एखादा स्वेटर ट्रंकेत परत जातो, इतकंच. तरीही उपनगरातल्या मध्यमवर्गीय घरांत होळी ते मृग या काळात कपड्यांची उलथापालथ होत आली आहे आणि ती मॉल येण्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. मात्र तिचा रोख दुकानाकडे नव्हता. इथलं कपाट नवं होई ते त्यातून काय बाहेर गेलं यावरून, आणि बाहेर जाण्याचा रस्ता जुन्या कपड्यांवर भांडी देत दारावर येणाऱ्या बोहारणीच्या पाटीतून जात असे. कपड्यांचा इतिहास सहसा खरेदीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. उपनगरांपुरता तरी तो विल्हेवाटीचा इतिहास म्हणून वाचला तर जास्त उलगडतो.

यावर पहिला आक्षेप गुढीपाडव्याचा. चैत्राच्या पहिल्या दिवशी नवं वस्त्र ही जुनी रीत आहे. माणसांच्या आधी गुढीलाच कोरा खण किंवा साडी मिळते. पाडव्याच्या मागेपुढे २१ मार्चला पारशी घरांत जमशेदी नवरोज येतो, मरोळ, कोळेकल्याण, गोराई इथल्या ईस्ट इंडियन कुटुंबांत ईस्टर येतो, आणि दोन्हीकडे नवे कपडे असतात. मग वसंतातली कपडेखरेदी उपरी कशी? उत्तर असं की सणाचं वस्त्र आणि कपाट बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाडव्याचं वस्त्र एखादंच असे, पुष्कळ घरांत तर ते गुढीचंच असे. दुपारनंतर गुढी उतरली की तो खण ब्लाउजसाठी बाजूला पडायचा, साडी घरातल्या बाईची व्हायची. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी नवे कपडे शिवण्याचा सण दिवाळी होता. पाडव्याला फेटा, नथ, नऊवारी असा साग्रसंगीत पोशाख करून रस्त्यावर उतरण्याची प्रथा डोंबिवलीत १९९९च्या सुमारास सुरू झालेल्या स्वागतयात्रेनंतर उपनगरांत पसरली. शिवलेल्या नऊवारीचा धंदा तिच्याबरोबरच वाढला. अंधेरीत ‘शॉपर्स स्टॉप’चं पहिलं दुकान उघडलं ते १९९१ साली. म्हणजे आज परंपरेचा म्हणून जो पाडव्याचा थाट आपण पाहतो तो अंधेरीतल्या डिपार्टमेंटल स्टोअरपेक्षा वयानं लहान आहे. म्हणून तो खोटा ठरत नाही, पण जुन्या वसंतोत्सवाचा पुरावा म्हणून त्याला उभं करता येत नाही.

दिवाळीच का, याचं कारण पंचांगाइतकंच पगारपत्रकात आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई भडकली तेव्हा मुंबईच्या गिरणीमालकांनी १९१७पासून कामगारांना युद्धभत्ता म्हणून बोनस द्यायला सुरुवात केली. पुढे तो वर्षाकाठी महिन्याच्या पगाराइतका झाला आणि कामगार त्याला हक्क मानू लागले. मालकांनी तो नाकारला तेव्हा १९२४च्या आरंभी मोठा संप झाला आणि चौकशी समितीनं कामगारांना असा कायदेशीर हक्क नसल्याचं सांगितलं. हक्क म्हणून बोनस पदरात पडायला १९६५चा कायदा यावा लागला. पुढे किमान प्रमाण ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, असं ठरलं. गिरण्या परळ-लालबागच्या, पण कुर्ल्याला जमशेटजी टाटांनी १८८६ साली विकत घेतलेली स्वदेशी मिल होती, आणि स्वातंत्र्यानंतर भांडुप-मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, विक्रोळीत, कांदिवलीत, अंधेरी-कुर्ला रस्त्यावर कारखान्यांची रांग उभी राहिली. रेल्वे कर्मचाऱ्यांना बोनस मिळू लागला तो १९७९पासून, आणि बऱ्याच सरकारी कारकुनांना त्याआधी सणाच्या उचलीवर भागवावं लागे. उपनगरातल्या घराच्या हातात एकरकमी पैसा यायचा तो आश्विनात. चैत्रात यायची ती मुलांची परीक्षा, नंतर गावी जाण्याचं तिकीट, लग्नसराईचे आहेर आणि जूनमधल्या वह्या-गणवेशांचा खर्च. अशा महिन्यांत कोणी हौसेनं कपाट भरत नाही.

दिवाळीच्या खरेदीतही हौसेपेक्षा हिशेब मोठा. एकाच ताग्यातून तीन भावांचे शर्ट निघत. शिंपी मापं घेताना मुलाची आई ‘वाढत्या अंगाचा ठेवा’ म्हणून बजावायची आणि तो बाहीच्या आत, पँटच्या तळाशी, कमरेच्या मागच्या शिवणीत चांगली दोन बोटं माया सोडायचा. पुढच्या वर्षी ती उसवली जाई आणि खाली न विटलेल्या कापडाची गडद पट्टी दिसे. थोरल्याचा शर्ट धाकट्याकडे गेला की कॉलर उलटवून शिवली जाई, म्हणजे झिजलेली बाजू आत आणि कोरी बाहेर. शिवणीतली ही माया हा इतिहासकारानं जपून पाहावा असा पुरावा आहे. कपडा किती वर्षं चालवायचा हे तो शिवतानाच ठरलेलं असे. आजच्या तयार शर्टाच्या आत पाहिलं तर ओव्हरलॉकच्या टाक्यापलीकडे सूतभर कापड नसतं.

मग जुन्या कपड्यांचं व्हायचं काय? सुती जमान्यात हा प्रश्नच फारसा उभा राहत नसे, कारण कापड घरातच संपत असे. नऊवारी लुगडं मध्यावर विरलं की विरलेला भाग कापून दोन चांगली टोकं जोडायची, म्हणजे दंड घालायचा, आणि आणखी वर्षभर नेसायचं. त्यानंतर त्याची दुपटी, लंगोट, गोधडीचे थर. बायकांच्या महिन्याच्या अडचणीचे कपडेही त्यातूनच निघत. धोतराचा पंचा, पंच्याचं हातपुसणं, हातपुसण्याचा मसोता. शेवटी चुलीपाशी काळाकुट्ट बोळा उरे आणि तोही एक दिवस जळून जाई. बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, वापरून मऊ झालेलंच लावायचं, हा नियम होता आणि त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या लुगड्याला मान होता. अशा घरात कपाटाची गरजही बेताची. दोन ट्रंका, भिंतीत खुंट्या आणि वर टांगलेली दांडी एवढ्यावर चाळीतली खोली भागवत असे. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं आणि ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्दप्रयोग घराघरांत रुळला. कापडाची ती टंचाई ज्या पिढीनं पाहिली तिनं धडका कपडा फेकून देणं पाप मानलं तर नवल नाही.

भरलेलं घर एका दमात रिकामं करण्याचा एक मोठा प्रसंग याआधी होऊन गेला होता, पण तो राजकारणातला. ३१ जुलै १९२१ रोजी परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींच्या हातून विलायती कापडाची होळी झाली. उपनगरांनी त्या चळवळीचा दुसरा भाग, म्हणजे जाळल्यावर घालायचं काय हा, अधिक निष्ठेनं चालवला. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्याची छावणी गाजली, पुढे बोरिवलीला कोरा केंद्रात खादी-ग्रामोद्योगाचं शिक्षण मिळू लागलं, आणि १९५७ साली स्थापन झालेल्या खादी आयोगाचं मुख्यालय आजही पार्ल्याच्या इर्ला भागात आहे. (कोरा केंद्राचं मैदान आताच्या बोरिवलीकरांना गरब्यासाठी जास्त ठाऊक, ही गोष्ट वेगळी.) खादीनं उपनगरांतल्या काही घरांचं कपाट बदललं हे खरं. पण तिनं कपडा संपवण्याची रीत बदलली नाही. खादीही सुतीच, ती झिजायची, पाणी शोषायची आणि अखेर मसोत्याच्याच वाटेनं जायची.

रीत बदलली ती १९६०च्या दशकात नायलॉन, टेरिलीन आणि टेरिकॉट घरांत शिरले तेव्हा. त्यांच्या लोकप्रियतेचं श्रेय एरवी जाहिरातींना आणि सिनेमाला दिलं जातं. उपनगरांत ते पावसालाही द्यायला हवं. सांताक्रूझला वर्षाकाठी सव्वादोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सकाळी आठ-बारा पकडायला चिखलातून स्टेशन गाठायचं, घामाच्या गर्दीत चर्चगेट किंवा व्हीटीपर्यंत उभं राहायचं, संध्याकाळी भिजून यायचं, आणि दोनच शर्ट असतील तर उद्यापर्यंत एक वाळलाच पाहिजे. खोलीतल्या दोरीवर सुती शर्ट दोन दिवस ओलसर राहून कुबट होतो. टेरिलीनचा रातोरात वाळतो, इस्त्री मागत नाही. नायलॉनची साडी तर पंख्याखाली तासाभरात नेसण्याजोगी. मुंबईच्या कपाटाला खरा ऋतू एकच, पावसाळा, आणि नव्या धाग्यानं त्याच ऋतूला उत्तर दिलं.

पण या धाग्याला एक खोड होती. तो संपत नसे. टेरिकॉटची पँट कोपऱ्यांवर चमकू लागते, तिची ऐट जाते, ती तोकडी होते. फाटत मात्र नाही. तिचं फडकं केलं तर पाणी पुसलं जात नाही, नुसतं इकडून तिकडे सरकतं. नायलॉनची साडी बाळाभोवती गुंडाळता येत नाही आणि चुलीजवळ तर नेऊच नये. म्हणजे ज्या साखळीनं जुनं कापड घरात जिरायचं ती पहिल्याच कडीला तुटली. याच सुमारास घरंही बदलत होती. अंधेरी-घाटकोपरपर्यंतची उपनगरं १९५०मध्ये आणि दहिसर-मुलुंडपर्यंतची १९५७मध्ये बृहन्मुंबईत आली, १९६३ साली मालकी हक्काच्या फ्लॅटचा कायदा झाला, आणि गिरगाव-दादरच्या खोल्या सोडून माणसं ‘वन रूम किचन’मध्ये राहायला आली. त्या घरात स्टीलचं कपाट आलं. गोदरेजनं पहिलं असं कपाट १९२३ साली बनवलं होतं, पण ते सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आणि लग्नाच्या यादीत यायला काही दशकं गेली. तोवर कंपनी विक्रोळीला स्थिरावली होती. ट्रंकेत कपडे एकावर एक पडतात आणि तळाचे विसरले जातात. कपाटाचं दार उघडलं की सगळे एकदम समोर दिसतात, न वापरले जाणारेही. चारशे चौरस फुटांत एकच कपाट, न संपणारे कपडे, आणि फेकायला न धजावणारं मन. या कोंडीवर तोडगा घेऊन बोहारीण दारात आली.

‘जुन्या कपड्यांवर भांडीऽऽ’ ही आरोळी साधारणपणे दुपारी जेवणं आटोपल्यावर ऐकू यायची, कारण पुरुषमंडळी कामावर गेलेली असत आणि व्यवहार बायकांचा होता. बहुतेक बोहारणी मूळच्या गुजरातेतल्या वाघरी समाजाच्या; हा समाज आता स्वतःला देवीपूजक म्हणवतो. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. जिन्याच्या मोकळ्या जागेत पाटी उतरली की आधी भांडी मांडली जात, चकचकीत, मोठ्यात लहान बसवलेली. मग तपासणी. शर्टाची कॉलर आणि काखा पाहायच्या, पँट उजेडाकडे धरून बसण्याच्या जागी कापड विरलंय का ते बघायचं, चेन ओढून पाहायची, साडी दोन हातांत ताणून तिचा जीव किती उरलाय याचा अंदाज घ्यायचा. सुती लुगड्यापुढे नाक मुरडायचं, टेरिकॉटच्या पँटवर काहीच न बोलता ती शेजारी ठेवून द्यायची. पहिला देकार नेहमी वाटीचा. घरच्या बाईची नजर झाकणाच्या डब्यावर. ‘ताई, डब्याला एवढ्यात नाय परवडत, अजून दोन पँटी टाका.’ आतून एक पँट यायची. पाटी पुन्हा डोक्यावर चढवल्याचं नाटक व्हायचं, ती दोन पायऱ्या उतरायची, वरून हाक यायची. शेजारच्या दोघी-तिघी दारात येऊन आपापला निकाल देत. अर्ध्या तासानं डबा आत आणि गाठोडं जिना उतरून खाली.

हा व्यवहार टेरिकॉटनं घडवला असं म्हणताना एका आक्षेपाला सामोरं जायला हवं: बोहारीण त्याहून जुनी आहे. जुने कपडे घेऊन वस्तू देण्याचा धंदा स्टेनलेस स्टील घरांत येण्याच्या आधीही होताच, आणि जरीच्या जुन्या वस्त्रांचे गिऱ्हाईक तर वेगळेच. ते शालू-पैठण्यांचे काठ-पदर रुप्याच्या किमतीनं घेत आणि जाळून धातू काढत. हे खरं. पण धंदा जुना असणं आणि तो प्रत्येक इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर रुजणं यांत फरक आहे. धंदा वाढायला दोन्ही बाजूंनी ओढ लागते. एकीकडे घरात न जिरणारा, तरी दुसऱ्याच्या अंगावर अजून पाच वर्षं निघेल असा कपडा तयार झाला. विरलेल्या धोतराला असा दुसरा जन्म क्वचितच मिळे. दुसरीकडे पितळ-तांबं मागे पडून स्टील हवंहवंसं झालं होतं, कल्हईची कटकट नाही, चिंच लावून घासायला नको. एका वस्तूचा नको तितका साठा आणि दुसरीची ओढ एकाच स्वयंपाकघरात, एकाच दशकात आली. गोळा झालेले कपडे पुढे निवडले जात. चांगले धुऊन, टाके घालून, इस्त्री करून जुन्या बाजारात मजुरांसाठी विकले जात, आणि उरलेल्या सुती चिंध्या गॅरेजांत व कारखान्यांत यंत्रं पुसायला जात. अंधेरीच्या कारकुनाची पँट बांधकामावरच्या गवंड्याच्या अंगावर आणखी काही पावसाळे काढत असे.

दुसरा आक्षेप हिशेबाचा. पाच-सहा धडके कपडे देऊन एक डबा, यात गृहिणी फसते असं घरोघरचे पुरुष म्हणत आले आहेत. आवडता शर्ट चमच्यापायी गेल्याचं गाऱ्हाणं पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. यात तथ्य नाही असं नाही. बोहारणीचं पोटच त्या फरकावर चालतं, आणि फरक फार मोठाही नसावा, नाहीतर ती दुपारच्या उन्हात चार-चार मजले चढली नसती. पण हा हिशेब रुपयांत मांडला की एक गोष्ट निसटते. ज्या बाईच्या हातात स्वतःचा रोख पैसा नव्हता, भाजीच्या हिशेबातून चार आणे वाचवावे लागत होते, तिच्यासाठी ही नवऱ्याला न विचारता करता येण्याजोग्या मोजक्या खरेदींपैकी एक खरेदी होती. कपड्याचं बाजारमूल्य तिला शून्य होतं, कारण ती तो स्वतः बाजारात नेऊन विकू शकत नव्हती. डब्याचं मूल्य तिच्या मांडणीवर रोज दिसत होतं. दोन्ही बाजूंना बाया, दोघींनाही रोकड नको, आणि भाव ठरवण्याचं कसब दोघींकडेही. स्त्रियांच्या अर्थव्यवहाराचा हा कोपरा आपल्या सामाजिक इतिहासात उपेक्षित राहिला, याला तो घराच्या उंबऱ्यावर आणि पावतीशिवाय होत होता हेच कारण असावं.

चैत्र-वैशाखाचा संबंध इथे येतो. बोहारीण वर्षभर फिरते, पण घरातून कपडे निघण्याचे हंगाम दोन: दिवाळीच्या आवराआवरीचा आणि उन्हाळी सुट्टीचा. दुसरा अधिक बरकतीचा. वार्षिक परीक्षा संपलेली असते, गणवेश तोकडे झालेले असतात, आणि पावसाआधी घरातली प्रत्येक गोष्ट एकदा बाहेर काढून तिला ऊन दाखवायचं असतं. गच्चीत एका बाजूला पापड-कुरडया, दुसऱ्या बाजूला गाद्या, आणि मधल्या दोरीवर कपाटातले कपडे. रेशमी साड्यांना थेट ऊन चालत नाही. त्या उलट्या करून सावलीत वाऱ्यावर टाकायच्या, घडी बदलायची, कारण वर्षानुवर्षं एकाच रेषेवर दुमडलेली जर तिथेच तुटते, आणि मग मलमलच्या फडक्यात बांधून डांबरगोळ्यांसह परत ठेवायच्या. हे काम मृगाच्या आत झालं नाही तर जुलैत कपाट उघडल्यावर कुबट वास येतो, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी दिसते. म्हणजे वसंतातलं आपलं कपडे उपसणं हे गेलेल्या थंडीसाठी नसून येणाऱ्या पावसासाठी होतं. सगळं कपाट एकदा पलंगावर आलं की काय ठेवायचं आणि काय द्यायचं हा निवाडा ओघानंच होई.

नवा हंगाम उपनगरांत आला तो याच्या उलट दिशेनं, कारखान्यातून. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि मुंबईचं कापड भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकण्याचा वेग वाढला. गिरणीच्या दुकानातून तागा आणून शिंप्याकडे देण्याची साखळी तिथून ढिली झाली. याच वर्षांत अंधेरी, साकीनाका, गोरेगावच्या गाळ्यांत परदेशी दुकानांसाठी तयार कपडे शिवले जात होते. युरोप-अमेरिकेच्या आयातीला १९७४पासून देशवार कोटे होते आणि ते २००४अखेर संपले, तोवर कोट्याबाहेरचा, नापास झालेला किंवा उरलेला माल शहरातल्या फुटपाथांवर ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ म्हणून येत राहिला. लंडनच्या एप्रिलसाठी बेतलेला फुलाफुलांचा टॉप वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर मिळू लागला. मुंबईकरांनी वसंताचा पोशाख आधी असा, ऋतू न विचारता, स्वस्तात घेतला. ऋतूचं नाव त्याला नंतर काचेच्या दुकानांनी दिलं. ‘शॉपर्स स्टॉप’नंतर दहा-बारा वर्षांत मालाड, मुलुंड आणि पुढे घाटकोपरला मॉल आले आणि वर्षाचे दोन हंगाम, दोन सेल हे वेळापत्रक पक्कं झालं. या दुकानांनी लोकांना उधळे बनवलं असं म्हणण्याची पद्धत आहे. मला ते अर्धवट वाटतं. पगार आता दरमहा खात्यात येतो, घरातली बाईही कमावते, आणि शर्ट शिवण्यापेक्षा तयार घेणं स्वस्त पडतं. बोनसपर्यंत थांबण्याचं कारणच उरलेलं नाही.

अडचण पुन्हा तीच, जुन्याचं करायचं काय. टॉवरच्या फाटकावर ‘फेरीवाल्यांना प्रवेश नाही’ असा फलक असतो, वॉचमन बोहारणीला आत सोडत नाही, आणि सोडलं तरी बाविसाव्या मजल्यावर आरोळी पोचत नाही. वाट्या-डबे आता कोणालाच नको आहेत. मांडणी जाऊन ट्रॉल्या आल्या. १९९९ साली उभ्या राहिलेल्या ‘गूंज’सारख्या संस्था कपडे गोळा करतात आणि ते काम मोलाचं आहे, पण तिथे देणारा दाता होतो, सौदा करणारा राहत नाही. शिवाय स्वस्त तयार कपड्यात टेरिकॉटचा टिकाऊपणा नाही आणि सुतीचा शोषकपणाही नाही. होजियरीचा टीशर्ट दहा धुण्यांत वाकडा होतो. दुसऱ्याच्या अंगावर निघावा असा कपडाच कमी झाल्यावर जुन्या बाजाराचं गणित कोलमडतं. ज्या बोहारणी अजून फिरतात त्यांतल्या अनेकींनी प्लास्टिकचे टब, बादल्या किंवा सरळ रोख पैसे द्यायला सुरुवात केली आहे, आणि त्या टॉवर टाळून जुन्या सोसायट्या व चाळी धरतात.

दुकानदारांना ही कोंडी कळली नव्हती असं मात्र नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात ‘बिग बझार’नं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास जुनं आणा, नवं न्या अशी योजना काढली होती. लोक कपडे, भांडी, रद्दी, मोडकं सामान घेऊन रांगा लावत, वजनावर कुपनं मिळत. मोसम बरोबर हेरला होता: परीक्षांच्या आधी, पाडव्याच्या तोंडावर, घरं आवरायच्या दिवसांत. कपाट रिकामं झाल्याखेरीज ते भरणार नाही, हे जिन्यातलं शहाणपण एका मोठ्या साखळी-दुकानानं उचललं होतं. फरक होता तो अटीत. कुपन वापरायचं तर त्याच्या काही पट खरेदी तिथेच करावी लागे, म्हणजे दोन किलो कपडे देऊन आलेला माणूस चार पिशव्या भरून परत जाई. बोहारणीच्या वाटीला अशी अट कधी नव्हती.